बाबा, फियाट आणि बावीस अँपिअर

आमच्या घरात दोन ज्येष्ठ नागरिक आहेत. एक बाबा, वय वर्षं अडुसष्ट. दुसरी फियाट, मॉडेल १९७९. आरसी बुकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी आहे, पण ते फक्त आरटीओपुरतं. घरात ती फियाटच. दोघांनाही सकाळी सुरू व्हायला जरा वेळ लागतो, दोघांनाही पावसाळा मानवत नाही, आणि गेलं वर्षभर दोघांबद्दल घरात एकच वाक्य ऐकू येतंय, 'आता रात्रीचं बाहेर पडणं नको.'

कारण घडलं ते असं. वाईला आमची आत्या राहते. महिन्या-दोन महिन्यांनी बाबा फियाट काढतात, जेवून-गप्पा मारून रात्री परत येतात. हा कार्यक्रम माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. गेल्या वर्षी एकदा वाईहून सुरूर फाट्याकडे येताना बाबांनी गाडी चक्क कडेला घेतली आणि म्हणाले, "मला रस्ता दिसत नाहीये गं." बाबांसारखा माणूस असं म्हणतो म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात बाबा आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. उरलेला रस्ता मी चालवली. स्टिअरिंगवरचा गिअर, सोफ्यासारखं सलग सीट, आणि शेजारी गप्प बसलेले बाबा.

मग रीतसर डोळ्यांचे डॉक्टर झाले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण ऑपरेशनची घाई नाही, असं निघालं. झालं! घराने निकाल लावून टाकला. वय झालं, डोळे गेले, रात्रीचं ड्रायव्हिंग बंद. दादाने अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर आणखी पुढचा निकाल दिला, "विकून टाका ना ती. कोण वापरतंय?" बाबा काहीच बोलले नाहीत. त्यानंतर ते वाईला जात राहिले, पण दिवेलागणीच्या आत घरी.

माझं मत मात्र राखीव होतं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आमच्या धंद्याचा एकच फंडा आहे, मोजल्याशिवाय बग कुणाच्याही नावावर टाकायचा नाही. आणि त्या रात्री मीही तीच गाडी चालवली होती. माझे डोळे ठणठणीत आहेत. दिसत मलाही फारसं नव्हतं!

आधी मीटर

एका शनिवारी तापकीर गल्लीतून एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. इंजिन चालू, हेडलाईट चालू. बॅटरीवर मोजलं, १३.२ व्होल्ट. मग दिव्याच्या होल्डरमध्ये मोजलं, ११.१. म्हणजे बॅटरीपासून दिव्यापर्यंत पोहोचेपर्यंत २.१ व्होल्ट वाटेतच गायब.

दोन व्होल्टने काय होतंय, असं तुम्हाला वाटेल. पण हॅलोजन बल्बचं गणित फार वाईट आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो. आमच्या गाडीचं व्होल्टेज सोळा टक्के पडत होतं. हिशेब केला तर उजेड जवळजवळ निम्मा. बाबा वर्षभर अर्ध्या उजेडात गाडी चालवत होते आणि दोष डोळ्यांना देत होते.

हा आकडा मी त्यांना सांगितला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. "परत मोज," म्हणाले. परत मोजलं. तेवढाच आला. मग ते आत जाऊन चहा टाकून आले, दोघांसाठी. आमच्याकडे याला प्रोजेक्ट ॲप्रूव्हल म्हणतात.

आता हे व्होल्ट जातात कुठे? फियाटचे मूळचे दिवे कमी वॅटचे होते. नव्वदच्या दशकात कधीतरी त्याजागी ६०/५५ वॅटचे हॅलोजन आले. दिवे नवे, पण वायर तीच, बटन तेच. जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डपर्यंत येतो, बटनातून जातो आणि परत पुढे दिव्यांकडे पळतो. ही साधारण पाच मीटरची वारी. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर पाच मीटर असेल आणि तिच्यातून दहा अँपिअर जात असतील, तर नुसत्या वायरमध्ये ०.८६ व्होल्ट जातात. त्यात बटनाचे झिजलेले पॉइंट, हिरवे पडलेले जोड. तीच वायर अडीच एमएमची घेतली तर हेच नुकसान ०.३४ वर येतं. शाळेतला ओहमचा नियम आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. तो सुरूर फाट्यावर भेटला.

आणि गंमत म्हणजे २.१ पैकी ०.७ व्होल्ट तर अर्थिंगमध्ये जात होते. दिव्याची काळी वायर जिथे बॉडीला स्क्रूने कसली आहे, तिथे खाली गंज आणि वर रंग. करंटला जायला जेवढा चांगला रस्ता लागतो, तेवढाच परत यायलाही लागतो. पण आपण गाडीत पॉझिटिव्हकडेच बघत बसतो, अर्थला कुणी विचारत नाही.

टेपच्या खाली टेप

नाना पेठेत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही. सत्तरीच्या घरात, आणि आयुष्यात हजारो फियाट उघडलेल्या. मी फोनवर सगळे आकडे सांगितले तर म्हणाले, "बेटा, आकडे ठीक आहेत, आधी डॅशच्या मागे हात घालून ये."

घातला. टेपच्या खाली टेप, त्याच्या खाली आणखी टेप. हळूहळू सोडवत गेले तर अक्षरशः घराचा इतिहास निघाला. एक लाल वायर कॅसेट प्लेअरची. कॅसेट प्लेअर जाऊन जमाना झाला. एक निळी, डॅशवर बसवलेल्या छोट्या पंख्याची. तो पंखा दादाच्या बारशाच्या वेळी आला होता म्हणे. दोन पिवळ्या फॉगलॅम्पच्या. आणि एक चक्क त्या रिव्हर्स हॉर्नची, गाडी मागे घेताना गल्लीभर ट्यून वाजवणारा. आई म्हणाली, "तो मी काढायला लावला होता." वस्तू सगळ्या गेल्या, वायरी राहिल्या. त्यातल्या दोघींच्या तोंडाला अजून १२ व्होल्ट! नुसत्या पिळून जोडलेल्या, वर टेप, आणि टेपचा गोंद सुटलेला.

इथे मात्र माझा चेहरा गंभीर झाला. कमी उजेड हा एक प्रश्न आहे. पण इन्सुलेशन वाळून तडकलेलं, उघडं तोंड पत्र्याला टेकलं, आणि त्या वायरला फ्यूजच नसला तर काय? आमच्या फ्यूजच्या पेटीत चिनी मातीच्या गोळ्यांसारखे मोजकेच फ्यूज आहेत, आणि नंतर जोडलेल्या निम्म्या वायरी त्या पेटीला वळसा घालून थेट बॅटरीवरून घेतलेल्या. त्या दिवसापासून गाडी उभी असताना बॅटरीचा एक टर्मिनल काढून ठेवायचा, हा आमच्या घरचा नियम आहे.

चाचांनी एक वाक्य सांगितलं, ते मी डायरीत लिहून ठेवलंय. "तांबं लवकर म्हातारं होत नाही, वरचं कव्हर म्हातारं होतं. आणि फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो." म्हणून फ्यूज वायरीच्या ताकदीपेक्षा कमीचा हवा, आणि बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. वीस अँपिअरच्या वायरीला तीसचा फ्यूज लावला तर आधी वायर जळेल, मग फ्यूज.

पगार, सेव्हिंग आणि ईएमआय

पुढचा प्रश्न. ऑफिसमध्ये मी वायरिंग बदलतेय असं सांगितल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. एलईडी टाक, मोठी म्युझिक सिस्टिम टाक, रिमोट लॉक टाक, रिव्हर्स कॅमेरा टाक. सगळ्यांना माझ्या फियाटची एसयूव्ही करायची होती. मी म्हटलं थांबा, आधी कमाई किती आहे ते बघू.

आपल्यासारख्यांना समजेल अशा भाषेत सांगते. डायनामो म्हणजे पगार. बॅटरी म्हणजे सेव्हिंग अकाउंट. दिवे, वायपर, कॉइल हे सगळे ईएमआय. हॉर्न म्हणजे क्रेडिट कार्ड, कधीतरी आणि थोडा वेळ, पण एकदम मोठा खर्च.

आमच्या डायनामोचा पगार बावीस अँपिअर. तोही इंजिन चांगलं पळत असताना. सिग्नलला उभं असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तेवढा वेळ घर सेव्हिंगवर चालतं. आता खर्च बघा. पावसाळी रात्र आहे असं धरा. हेडलाईट दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे ९.२ अँपिअर. इग्निशन कॉइल सुमारे ४. मागचे दिवे, पार्किंग, नंबर प्लेट आणि मीटरचे दिवे मिळून अडीचच्या आसपास. वायपर ३. फोनचा चार्जर २. बेरीज एकवीसच्या जवळ! त्यात ब्रेक दाबला की साडेतीन वाढले. म्हणजे पगार बावीस, खर्च एकवीस ते पंचवीस, आणि वाटेत कात्रजचं ट्रॅफिक जॅम. अशा घरात कुणी होम थिएटरचा हप्ता घेतं का?

मी एक्सेल शीट केली. एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात वॅट, तिसऱ्यात अँपिअर, चौथ्यात वायरची जाडी, पाचव्यात फ्यूज, सहाव्यात 'लागतंच का?'. या सहाव्या रकान्याने माझे बरेच पैसे वाचवले. म्युझिक सिस्टिम, नाही. रिमोट लॉक, नाही. यूएसबी चार्जर, एक, तोही ग्लोव्ह बॉक्सच्या आत. एलईडी हेडलाईट, नाही. कारण फियाटचा रिफ्लेक्टर बल्बच्या तारेसाठी बनवलाय. तार जिथे असते तिथे एलईडीचा उजेड पडला नाही तर तो रस्त्यावर न जाता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बाबांना जे लोक रस्त्यावर आंधळं करतात, त्यांच्यात आम्हाला सामील व्हायचं नव्हतं. इंडिकेटरलाही एलईडी नाही. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर ठोके देतो, करंट कमी झाला की त्याचा ठोका बिघडतो.

डायनामो मात्र बदलायचा ठरला. त्याजागी ३५ अँपिअरचा अल्टरनेटर. तो सिग्नलला उभं असतानाही बऱ्यापैकी कमावतो. पण पगार वाढला की जबाबदाऱ्याही वाढतात. चार्जिंगची जुनी वायर बावीससाठी होती, ती जाड करणं आलं. डायनामोचा कटआऊट सर्किटमधून बाहेर. आणि डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा जोडताना नीट बघायचं, कारण चाचांच्या डोक्यात असलेल्या अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का त्या दिव्यातूनच मिळतो. काढलेला डायनामो बाबा कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवणार आहेत. यावर चर्चा नाही.

कागदावरची गाडी

हेडलाईटचा उपाय म्हणजे रिले. छोटीशी काळी डबी, चार पाय. डॅशवरच्या बटनाने फक्त डबीला इशारा द्यायचा, अगदी किरकोळ करंटमध्ये. खरा करंट बॅटरीकडून जाड वायरीने थेट दिव्याकडे. पाच मीटरची वारी दीड मीटरवर येते, आणि त्या जुन्या बटनाला आराम मिळतो. एक रिले अप्परसाठी, एक डिपरसाठी. आणि चारही वायरींना, म्हणजे डावा-उजवा अप्पर आणि डावा-उजवा डिपर, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज. हा माझा हट्ट. वळणावर एक दिवा गेला तर चालेल, दोन्ही एकदम जायला नकोत.

बाकीचा प्लॅन असा. आधी जुन्या वायरिंगचे फोटो, मग प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर, आणि मगच हात लावायचा. जुनं हार्नेस फेकायचं नाही. जमिनीवर पसरायचं आणि त्याच्याच मापाने नवं बांधायचं, प्रत्येक टोकाला चार बोटं जास्त. रंग मूळचेच ठेवायचे, म्हणजे वीस वर्षांनी कुणी उघडली तर त्याला शिव्या द्याव्या लागू नयेत. वायर गाडीसाठी बनवलेलीच, उष्णता आणि तेल सोसणारी. घराच्या फिटिंगची नाही. टोकांना थिंबल नीट दाबून बसवायचे, कारण सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर जाते तिथे प्रत्येक भोकाला रबराची रिंग. अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत, आणि इंजिन ते बॉडी नवी जाड पट्टी. फ्यूजच्या पेटीत दोन जागा रिकाम्या. आणि बॅटरीजवळ एक मेन स्विच, म्हणजे टर्मिनल काढायची रोजची कटकट बंद.

डॅशबोर्डवरची बटनं मात्र तीच. बाबांची एकच अट होती. "मला अंधारात हात लावला की कळलं पाहिजे, कुठलं काय आहे ते." मी म्हटलं, "बाबा, सगळं नवं आत. बाहेरून तुम्हाला काही कळणार नाही." ते म्हणाले, "मग ठीक आहे."

मध्यंतरी दादाचा पुन्हा फोन आला. "एवढा खर्च त्या डब्यावर?" मी त्याला सांगितलं की कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ पासून बनत आलेली ही गाडी, २००० च्या सुमारास बंद झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत भरून निवृत्त झाली, तेव्हा तूच स्टेटस टाकलं होतंस, रडक्या चेहऱ्याचं. आपली खासगी आहे. तिचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून मिळतं. तपासणीत दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं बघतात. आपण नुसतं हळहळत बसायचं की तिला पास होण्याइतकं नीट ठेवायचं? तो म्हणाला, "बरं, निम्मे मी देतो." रडक्या चेहऱ्याचा एवढा उपयोग प्रथमच झाला.

आता उरलेला मुद्दा, जो मी सगळ्यात शेवटी ठेवलाय, कारण तो सगळ्यात अवघड आहे. दिव्यांना पूर्ण व्होल्टेज मिळालं म्हणून मोतीबिंदू जात नाही. उजेड निम्मा होता हे खरं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेही खरं. वायरिंगने एवढंच होईल की गाडीचा दोष बाजूला निघेल, आणि मग जे उरेल ते बाबांचं आणि आमचं. म्हणून शीटच्या तळाशी मी टेस्ट लिहिलीय. रात्री आठ वाजता, खेड-शिवापूरपर्यंत जाऊन यायचं. दिव्यावर किमान १२.८ व्होल्ट. शेजारी मी. बाबांनी स्वतः सांगायचं, दिसतं की नाही. नाही म्हणाले तर ऑपरेशनची तारीख घ्यायची, आणि ते होईपर्यंत रात्री मी चालवायची. हो म्हणाले तर कुणीही मध्ये बोलायचं नाही. ना आई, ना दादा, ना मी.

प्रिंट काढून बाबांना वाचायला दिली. त्यांनी बँकेत असताना फाईल वाचायचे तशी वाचली, पेन्सिल हातात घेऊन, प्रत्येक ओळीवर टिक करत. शेवटच्या टेस्टपाशी थांबले. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. त्यांनी 'खेड-शिवापूर' खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'वाई'. मग थोडा विचार करून कंसात, 'जाताना मी, येताना ती'.

दिवाळीनंतरच्या सोमवारी चाचा गाडी उघडताहेत. मी दोन दिवस रजा टाकलीय. मॅनेजरला कारण सांगितलं, घरातल्या ज्येष्ठ नागरिकाचं काम आहे. कुठल्या, ते त्याने विचारलं नाही.